श्रीपाद अमृत डांगे : गिरणगाव ते पक्षाध्यक्षपद, आणि पक्षाबाहेर

यिशुन (सिंगापूर) : श्रीपाद अमृत डांगे (१० ऑक्टोबर १८९९ – २२ मे १९९१) हे भारतातील कम्युनिस्ट चळवळीच्या संस्थापकांपैकी एक, मुंबईच्या गिरणी कामगारांचे नेते, संयुक्त महाराष्ट्र आंदोलनाचे एक अग्रणी आणि १९६२ पासून सुमारे अठरा वर्षे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष होते. दोनदा ते लोकसभेवर निवडून गेले. ब्रिटिश राजवटीत आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांनी प्रदीर्घ तुरुंगवास भोगला. १९८१ मध्ये मात्र, ज्या पक्षाच्या उभारणीत त्यांची हयात गेली, त्याच पक्षाने त्यांना बाहेर काढले.

डांगे यांच्या साठ वर्षांच्या राजकारणात एक सूत्र सातत्याने आढळते. देशात जो मोठा राष्ट्रीय प्रवाह वाहत असेल, त्याच्यापासून कम्युनिस्टांनी तुटून राहू नये, असे त्यांचे मत होते. या मतामुळे ते मराठी कामगारांचे आणि पुढे मराठी जनतेचे नेते झाले. चीन युद्धाच्या वेळी आणि इंदिरा गांधींच्या काळात त्याच मताने त्यांना स्वतःच्या सहकाऱ्यांपासून दूर नेले. त्यांच्या यशाचे आणि अपयशाचे मूळ असे एकाच ठिकाणी सापडते.

जडणघडण

डांगे यांचा जन्म नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील करंजगाव येथे झाला. उच्च शिक्षणासाठी ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात दाखल झाले. तेथील सक्तीच्या बायबल अध्ययनाविरुद्ध विद्यार्थ्यांना संघटित केल्याबद्दल त्यांना महाविद्यालय सोडावे लागले. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा प्रभाव त्यांच्या पिढीवर होता आणि तो डांगे यांच्यावरही होता. गिरण्यांच्या वस्तीत स्वयंसेवक म्हणून काम करताना कामगारांचे जिणे त्यांनी जवळून पाहिले.

१९२१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही इंग्रजी पुस्तिका लिहिली. असहकार चळवळ ऐन भरात असताना एका तरुणाने गांधींचा मार्ग आणि रशियन क्रांतीचा मार्ग यांची तुलना करावी, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. पुस्तिकेने दोन माणसांचे लक्ष वेधले. मुंबईतील धनिक रणछोडदास भवान लोटवाला यांनी डांगे यांना आर्थिक साहाय्य देऊ केले आणि मार्क्सवादी ग्रंथांचा संग्रह उपलब्ध करून दिला. दुसरे होते परदेशातून भारतीय कम्युनिस्टांची जुळवाजुळव करणारे मानवेंद्रनाथ रॉय. १९२२ च्या ऑगस्टमध्ये डांगे यांनी ‘सोशॅलिस्ट’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. मार्क्सवादी विचारांचे हे भारतातील पहिले नियतकालिक मानले जाते.

कानपूर खटला

रॉय यांच्याशी होणारा पत्रव्यवहार ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या नजरेतून सुटला नाही. १९२४ मध्ये कानपूर येथे बोल्शेव्हिक कटाचा खटला भरण्यात आला. हिंदुस्थानवरील सम्राटाचे सार्वभौमत्व नष्ट करण्याचा कट, असा आरोप होता. डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्ता या चौघांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा झाली. बाँब किंवा पिस्तूल यांपैकी काहीही या खटल्यात नव्हते. पुरावा होता तो मुख्यतः पत्रांचा. याच कारावासाच्या काळातील म्हणून सांगितलेली काही पत्रे चाळीस वर्षांनी डांगे यांच्या राजकीय जीवनातील सर्वांत मोठ्या वादाचे कारण ठरली.

डांगे तुरुंगात असतानाच, १९२५ च्या डिसेंबरात, कानपूरमध्ये भारतीय कम्युनिस्टांची पहिली परिषद भरली. सिंगारवेलू चेट्टियार तिचे अध्यक्ष होते. भारतीय कम्युनिस्ट पक्ष आपली स्थापना याच परिषदेपासून मोजतो, तर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष १९२० मधील ताश्कंदच्या बैठकीपासून. स्थापनेच्या तारखेवरही दोन्ही पक्षांचे एकमत नाही.

लाल बावट्याचा उदय

१९२७ मध्ये डांगे सुटले तेव्हा मुंबईच्या कापड गिरण्यांत असंतोष खदखदत होता. खर्च कमी करण्यासाठी मालकांनी नवी पद्धत आणली होती. दोन साचे, म्हणजे माग, चालवणाऱ्या विणकराने तीन चालवावेत, कताई खात्यातही एका माणसाने अधिक काम उरकावे, असा तिचा आशय होता. काम वाढले, माणसे कमी झाली आणि दरही कापले गेले. १९२८ च्या एप्रिलमध्ये सार्वत्रिक संपाला तोंड फुटले. सुमारे दीड लाख कामगार त्यात उतरले आणि तो ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने चालला.

संप सुरू असतानाच मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. बावट्याच्या रंगावरून लोक तिला ‘लाल बावटा’ म्हणू लागले. स्वतः गिरणी कामगार असलेले अर्जुन आत्माराम आळवे अध्यक्ष झाले आणि डांगे सरचिटणीस. तोवर मुंबईतील कामगार संघटनांचे नेतृत्व बहुधा नेमस्त विचारांच्या सुशिक्षित पुढाऱ्यांकडे होते. ना. म. जोशी हे त्यांतील सर्वांत प्रामाणिक व आदरणीय नाव. जोशींची युनियन आणि लाल बावटा यांनी या संपात संयुक्त समिती स्थापून एकत्र काम केले. पण लाल बावट्याची कार्यपद्धती वेगळी होती. प्रत्येक गिरणीत कामगारांची समिती, दररोज मैदानावर सभा, सभेत मराठीतून हिशेब आणि वाटाघाटींची माहिती, असा परिपाठ तिने घातला. रत्नागिरीहून आलेला कोकणी आणि साताऱ्या-पुण्याकडून आलेला घाटी कामगार या सभांना लोटू लागला. वर्षअखेरीस युनियनची सभासदसंख्या पन्नास हजारांवर गेली. हिंदुस्थानात तोवर एवढी मोठी युनियन क्वचितच उभी राहिली होती.

या संपाच्या मागण्यांत एक उणीव होती आणि ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिली. विणकाम खात्यात मजुरी अधिक होती, परंतु तेथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्यात विटाळ वाटे. हा भेद दूर करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घेतली जावी, असा आग्रह आंबेडकरांनी धरला आणि नेत्यांना तो मान्य करावा लागला. कामगारांची एकजूट जातीपाशी येऊन अडखळते, हा प्रश्न पुढेही सुटला नाही. तरीही दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत जो एक दिवसाचा संप झाला, त्यात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उभे राहिले.

गिरणगावातील या कामात उषाताई डांगे यांचा वाटा मोठा होता. त्यांनी गिरण्यांतील स्त्री कामगारांचे संघटन केले. ‘पण ऐकतं कोण?’ हे त्यांचे आत्मकथन चळवळीतील घराघरांचे चित्र दाखवते. पुढाऱ्यांच्या चरित्रांत ते सहसा आढळत नाही.

मीरत

२० मार्च १९२९ रोजी सरकारने देशभर धरपकड केली आणि डांगे यांच्यासह तीसहून अधिक कामगार पुढाऱ्यांना मीरतला नेले. आरोपींत फिलिप स्प्रॅट, बेन ब्रॅडली आणि लेस्टर हचिन्सन हे तीन इंग्रजही होते. ज्यूरीपुढे खटला चालवावा लागू नये म्हणून मुंबई-कलकत्त्याऐवजी मीरतची निवड झाली, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. खटला जवळजवळ चार वर्षे चालला. १९३३ च्या जानेवारीत डांगे यांना बारा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये निषेधाची मोहीम उभी राहिली. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने अपिलात शिक्षा कमी करून ती तीन वर्षांवर आणली.

सरकारचा एक हेतू तात्काळ साध्य झाला. नेते गजाआड असताना १९२९ चा दुसरा सार्वत्रिक संप फसला आणि युनियनची सभासदसंख्या झपाट्याने ओसरली. दुसरा परिणाम मात्र सरकारने अपेक्षिला नव्हता. आरोपींनी न्यायालयात केलेली प्रदीर्घ निवेदने वृत्तपत्रांतून देशभर पोहोचली. कम्युनिझम म्हणजे काय, हे अनेक सुशिक्षित हिंदी लोकांना मीरतच्या पिंजऱ्यातून प्रथम कळले. १९३४ मध्ये पक्षावर बंदी आली. डांगे १९३५ मध्ये सुटून पुन्हा गिरणगावात आले.

युद्धकाळ आणि एक ग्रंथ

दुसरे महायुद्ध सुरू होताच महागाई वाढली. १९४० च्या मार्चमध्ये महागाई भत्त्यासाठी गिरणी कामगारांचा मोठा संप झाला आणि डांगे पुन्हा स्थानबद्ध झाले. त्यांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यावर पक्षाने युद्धाला ‘लोकयुद्ध’ म्हटले. १९४२ मध्ये बंदी उठली, पण त्याच वर्षीच्या ‘छोडो भारत’ आंदोलनापासून पक्ष अलिप्त राहिला. महाराष्ट्रातील कम्युनिस्टांना या निर्णयाची किंमत दीर्घकाळ मोजावी लागली. राष्ट्रीय प्रवाहापासून तुटले की काय होते, याचा हा धडा डांगे विसरले नाहीत.

सुटकेनंतर ते अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे, म्हणजे ‘आयटक’चे, अध्यक्ष झाले आणि जागतिक कामगार महासंघाच्या स्थापनेत सहभागी झाले. १९४६ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून गेले. १९४८ मध्ये पक्षाच्या कलकत्ता अधिवेशनाने बी. टी. रणदिवे यांना सरचिटणीस केले आणि सशस्त्र उठावाचा मार्ग पत्करला. डांगे यांना अटक झाली आणि ते १९५० पर्यंत स्वतंत्र भारताच्या तुरुंगात होते. १९५१ च्या आरंभी पक्षाचे धोरण ठरवण्यासाठी जे चार नेते मॉस्कोत स्टालिनला भेटले, त्यांत अजय घोष, राजेश्वर राव, बसवपुन्नय्या यांच्याबरोबर डांगेही होते. उठावाचा मार्ग सोडून पक्ष निवडणुकांच्या मार्गावर आला, तो या चर्चेनंतर.

येरवड्याच्या कारावासात लिहिलेला त्यांचा प्राचीन भारतावरील ग्रंथ १९४९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंतच्या प्रवासाची मांडणी त्यात वैदिक वाङ्मयाच्या आधारे केलेली आहे. स्वतः मार्क्सवादी असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी या ग्रंथावर कठोर टीका केली. युरोपातील अवस्थांचा साचा भारतीय पुराव्यावर बळेच बसवता येत नाही, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. इतिहासाच्या अभ्यासकांत कोसंबींचे म्हणणे टिकले. तरीही परंपरेला शत्रूच्या हाती न सोपवता तिचा अर्थ आपण लावावा, ही डांगे यांची ओढ त्या ग्रंथात स्पष्ट दिसते.

संयुक्त महाराष्ट्र

ही ओढ राजकारणात फळाला आली ती १९५५ नंतर. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रस्तावाविरुद्ध कामगार रस्त्यावर उतरले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. १९५६ च्या जानेवारीत पुन्हा गोळीबार झाले. आंदोलनात शंभराहून अधिक माणसे बळी पडली आणि त्यांतील अनेक जण गिरणगावातील होते. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट आणि डांगे यांच्यासारखे भिन्न पिंडाचे नेते तिच्या व्यासपीठावर एकत्र आले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने हा विषय पोवाड्यांतून आणि लोकनाट्यांतून गावोगाव नेला.

डांगे यांनी आंदोलनाला दोन गोष्टी दिल्या. पहिली होती गिरणगावातील संघटना. तिच्या बळावर मुंबई बंद करता येत होती. दुसरी म्हणजे एक युक्तिवाद. मुंबई ज्यांच्या श्रमावर उभी आहे, त्यांच्या राज्यापासून ती तोडता येणार नाही, हा विचार भाषेचा प्रश्न आणि भाकरीचा प्रश्न एकत्र जोडत होता. शिवाजी पार्कवरील सभांत तो लोकांच्या मनाला भिडला. १९५७ च्या निवडणुकीत समितीने मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर धक्का दिला. डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर निवडून आले.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. राज्याची स्थापना आणि कामगार दिन यांची तारीख एक झाली. पण त्या सुमारासच समिती विस्कटू लागली. तिबेट आणि चीन यांबाबत कम्युनिस्टांच्या भूमिकेवरून समाजवादी दुरावले. राज्य मिळाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसने मराठी अस्मितेचा आणि ग्रामीण नेतृत्वाचा वारसा आपल्याकडे ओढून घेतला. आंदोलनाचे श्रेय डाव्यांच्या वाट्याला आले, सत्ता काँग्रेसच्या.

अध्यक्षपद आणि चीन युद्ध

१९६२ च्या जानेवारीत पक्षाचे सरचिटणीस अजय घोष यांचे निधन झाले. तेव्हा पक्षात दोन गट स्पष्ट झाले होते. एक काँग्रेसमधील पुरोगामी शक्तींशी सहकार्य करू पाहणारा आणि दुसरा काँग्रेसला मुख्य शत्रू मानणारा. तडजोड म्हणून अध्यक्षाचे नवे पद निर्माण करण्यात आले. डांगे अध्यक्ष झाले आणि ई. एम. एस. नंबुद्रीपाद सरचिटणीस.

ही तडजोड वर्षभरही टिकली नाही. ऑक्टोबरात चीनशी युद्ध भडकले. १ नोव्हेंबर १९६२ रोजी पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने चीनच्या आक्रमणाचा निषेध करून नेहरू सरकारला पाठिंबा देणारा ठराव केला. डांगे या भूमिकेचे प्रमुख पुरस्कर्ते होते. थोड्याच दिवसांत सरकारने देशभरातील शेकडो कम्युनिस्टांना स्थानबद्ध केले. त्यांत बहुतेक डाव्या गटाचे होते. आपण तुरुंगात असताना पक्षाची सूत्रे डांगे गटाच्या हाती राहिली, ही सल डाव्या गटाच्या मनातून गेली नाही.

पत्रांचे प्रकरण आणि फूट

या वातावरणात १९६४ च्या मार्चमध्ये मुंबईच्या ‘करंट’ साप्ताहिकाने एक स्फोटक मजकूर प्रसिद्ध केला. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९२४ ची काही पत्रे सापडली असून, कानपूर खटल्यातील कैदी डांगे यांनी सुटकेच्या मोबदल्यात ब्रिटिश सरकारला सहकार्य देऊ केले होते, असा त्याचा आशय होता. ही पत्रे बनावट असल्याचे डांगे यांनी सांगितले. पत्रांवरील सहीत ‘श्रीपाद’ऐवजी ‘श्रीपत’ असे नाव आहे, हा मुद्दा त्यांच्या समर्थकांनी पुढे केला. विरोधकांचे म्हणणे असे की, सरकारी दप्तरात चाळीस वर्षे पडून राहिलेला कागद कोणी आणि कशासाठी बनवून ठेवील?

११ एप्रिल १९६४ रोजी राष्ट्रीय परिषदेच्या बैठकीत वाद शिगेला पोहोचला. ज्या व्यक्तीविषयी चर्चा व्हायची तिनेच अध्यक्षस्थानी बसू नये, ही मागणी मान्य न झाल्याने ३२ सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. वर्षअखेरीपर्यंत दोन स्वतंत्र पक्ष झाले होते. कलकत्त्याच्या अधिवेशनातून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष उभा राहिला आणि मूळ पक्षाने डांगे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत आपले अधिवेशन घेतले. महाराष्ट्रातील रणदिवे, शामराव व गोदावरी परुळेकर नव्या पक्षात गेले. वारली आदिवासींतील काम त्यांच्याबरोबर गेले. मुंबईतील युनियनचा मोठा भाग डांगे यांच्याकडे राहिला.

फुटीचे कारण केवळ ती पत्रे होती, असे म्हणता येत नाही. काँग्रेसकडे कसे पाहावे, मॉस्को आणि पेकिंग यांच्या वादात काय करावे, हे प्रश्न आधीपासून पेटलेले होते. मात्र मतभेदाचे रूपांतर अविश्वासात झाले ते पत्रांमुळे. मताशी वाद घालता येतो. सहकारी शत्रूला मिळालेला होता, असा संशय एकदा आला की वादाला जागाच उरत नाही.

निसटलेले गिरणगाव

डांगे राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर वावरत असताना त्यांच्या पायाखालची जमीन सरकत होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच युनियनला वाटाघाटींचा अधिकार दिला होता. तो काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. कामगार लाल बावट्याच्या सभेला जात, पण पगाराचा करार दुसरी युनियन करी. या विसंगतीने लाल बावटा हळूहळू दुबळा झाला.

१९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने जागवलेली मराठी भावना आणि बेकार तरुणांचा राग हे तिचे भांडवल होते. डांगे यांनी भाषा आणि भाकरी यांची जी सांगड घातली होती, तिच्यातील भाषा शिवसेनेने उचलली आणि कामगाराच्या रागाचा रोख मालकाकडून परप्रांतीयाकडे वळवला. १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधील गिरणी कामगार युनियनच्या कार्यालयावर हल्ला झाला. ५ जून १९७० रोजी कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई पराभूत झाल्या आणि वामनराव महाडिक यांच्या रूपाने शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला.

डांगे स्वतः १९६७ मध्ये मुंबईतून पुन्हा लोकसभेवर गेले होते. १९७४ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या कन्या रोझा देशपांडे याच भागातून विजयी झाल्या. शिवसेनेचा काँग्रेस उमेदवार रामराव आदिक यांना पाठिंबा होता, तर दलित पँथरने मतदानावर बहिष्कार पुकारला होता. गिरणगावातील लाल बावट्याचा हा अखेरचा मोठा विजय ठरला.

आणीबाणी आणि हकालपट्टी

इंदिरा गांधींनी १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण केल्यावर काँग्रेसशी सहकार्य हे डांगे यांच्या पक्षाचे अधिकृत धोरण बनले. केरळमध्ये काँग्रेसच्या साथीने पक्षाचे अच्युत मेनन मुख्यमंत्री झाले. १९७४ मध्ये सोव्हिएत संघाने डांगे यांना ‘ऑर्डर ऑफ लेनिन’ हा सन्मान दिला. १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि पक्षाने तिला पाठिंबा दिला. विरोधी पक्षांचे कार्यकर्ते तुरुंगात होते, संपावर निर्बंध होते आणि आयुष्यभर संप लढवलेला नेता सरकारच्या बाजूने उभा होता.

१९७७ च्या निवडणुकीने हिशेब चुकता केला. १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात पक्षाने आणीबाणीला दिलेला पाठिंबा ही चूक असल्याचे मान्य केले आणि डाव्या एकजुटीकडे तोंड वळवले. डांगे यांना हे वळण पटले नाही. इंदिरा गांधींशी सहकार्याची भूमिका त्यांनी सोडली नाही. १९८० मध्ये रोझा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी अखिल भारतीय कम्युनिस्ट पार्टी स्थापन केली. डांगे यांनी अध्यक्षपद सोडले आणि १९८१ मध्ये त्यांना पक्षातून काढण्यात आले. नवा पक्ष फारसा वाढला नाही.

पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही आणि गिरण्यांचे पर्व त्यात संपले. सामंत कम्युनिस्ट नव्हते. ज्या जागेवर १९२८ मध्ये डांगे उभे होते, त्या जागेसाठी कामगारांनी आता पक्षाबाहेरचा माणूस शोधला होता.

सिंगापूर आणि वेल्स

सिंगापुरात राहणाऱ्या वाचकाला या कथेतील दोन गोष्टी ओळखीच्या वाटतील. पहिली म्हणजे वेळ. भारतात कम्युनिस्टांची धरपकड झाली ती १९६२ च्या नोव्हेंबरात, आणि सिंगापुरात ‘ऑपरेशन कोल्डस्टोअर’मध्ये लिम चिन सिओंग यांच्यासह शंभराहून अधिक जणांना अटक झाली ती २ फेब्रुवारी १९६३ रोजी. लिम हेही युनियनमधून वर आलेले नेते होते. आपण कम्युनिस्ट असल्याचा आरोप त्यांनी नाकारला होता. भारतात डावी चळवळ फुटली, पण निवडणुका लढवून तिने राज्ये चालवली. सिंगापुरातील डावी चळवळ स्थानबद्धतेच्या त्या तडाख्यातून पुन्हा उभी राहू शकली नाही.

दुसरी गोष्ट संशयाची. मलायाच्या कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस लाइ तेक हा ब्रिटिशांचा हेर असल्याचे उघड होऊ लागताच १९४७ मध्ये तो पक्षाचा निधी घेऊन पसार झाला. त्याच्या जागी चिन पेंग आले. तेथे विश्वासघात सिद्ध झाला. डांगे यांच्या बाबतीत तसे काहीही सर्वमान्यपणे सिद्ध झाले नाही. वसाहतवादी पोलिसांनी जगभरच्या चळवळींत हेर पेरले होते, एवढे मात्र दोन्ही प्रकरणांतून दिसते. त्यामुळे खऱ्या आणि खोट्या आरोपांतील भेद करणे चळवळींना अवघड होऊन बसले.

राजकीय घडणीच्या दृष्टीने डांगे यांच्याशी जवळचे साम्य आढळते ते वेल्समधील आर्थर हॉर्नर (१८९४–१९६८) यांचे. मर्थर टिडविल येथे जन्मलेले हॉर्नर १९३६ मध्ये दक्षिण वेल्सच्या खाणकामगार महासंघाचे अध्यक्ष झाले आणि १९४६ ते १९५९ या काळात ब्रिटनच्या राष्ट्रीय खाणकामगार युनियनचे सरचिटणीस होते. ते कम्युनिस्ट होते, पण पक्षाच्या आदेशापेक्षा खाणीतील वस्तुस्थितीला अधिक मान देत. १९३१ मध्ये पक्षाने त्यांच्या नावावरूनच ‘हॉर्नरवाद’ असा दोष ठरवून त्यांची झाडाझडती घेतली. हॉर्नर पक्षात राहिले आणि कामगारांतही राहिले. डांगे यांच्यावरही पुढे त्यांच्या नावाचा ‘वाद’ चिकटवला गेला. फरक इतकाच की, हॉर्नर यांचा मुक्काम अखेरपर्यंत युनियनमध्ये होता, तर डांगे यांचा दिल्लीकडे सरकत गेला.

मूल्यमापन

डांगे यांच्या टीकाकारांनी त्यांना संधिसाधू म्हटले. या शब्दाने त्यांच्या राजकारणाचा उलगडा होत नाही. संधिसाधू माणूस कानपूर, मीरत, देवळी आणि येरवडा असा प्रवास सहसा करत नाही. राष्ट्रीय प्रवाहात राहण्याचा त्यांचा आग्रह प्रामाणिक होता आणि संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी तो बरोबरही ठरला. तेव्हा प्रवाह म्हणजे रस्त्यावर आलेली जनता होती. १९७५ मध्ये प्रवाह आणि सत्ता यांतील अंतर त्यांना दिसले नाही किंवा दिसूनही त्यांनी ते मानले नाही.

२००४ मध्ये संसदेच्या आवारात डांगे यांचा पुतळा उभारण्यात आला. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागी त्याआधीच मनोरे आणि बाजारसंकुले उभी राहू लागली होती. पुतळा दिल्लीत असला तरी महाराष्ट्राने त्यांच्याकडून घेतलेला वारसा वेगळा आहे. आठ तासांचा दिवस, महागाई भत्ता, बोनस हे शब्द आज नोकरदाराला नियमांतील कलमांसारखे वाटतात. मुंबईत त्यांमागे संप, उपासमार आणि तुरुंगवास यांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा मोठा भाग डांगे यांनी व त्यांच्याबरोबर मैदानावर बसलेल्या हजारो अनामिक कामगारांनी घडवला आहे.